ईसीजी नॉर्मल आहे, मग आईचे पाय का सुजतात?

प्रश्न : पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीने आपल्या ६४ वर्षांच्या आईविषयी सविस्तर पत्र लिहिले आहे. आई सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावात मुलगा आणि सून यांच्यासोबत राहते. गेले आठ महिने तिचे दोन्ही पाय सुजतात. सुरुवातीला संध्याकाळी येणारी सूज आता सकाळीही पूर्ण उतरत नाही. अर्ध्या भाकरीतच पोट भरते, उजव्या बरगडीखाली जड वाटते, चेहरा आणि दंड उतरले असले तरी पोटाचा घेर वाढला आहे, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते आणि देवळाचा छोटासा चढ चढताना मध्येच टेकावे लागते. गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या लघवीच्या गोळीने सूज उतरली, गोळी संपली आणि ती परत आली. सोनोग्राफीत यकृत मोठे झाल्याचे आणि पोटात थोडे पाणी असल्याचे निघाले. ईसीजी मात्र नॉर्मल आला. रक्तदाबासाठी आई बरीच वर्षे अ‍ॅम्लोडिपिन घेते आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणते. घरात गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच होते. ‘लिव्हर खराब म्हणजे दारूच’ अशी कुजबुज भावकीत झाल्यामुळे, आयुष्यात कधी दारूला न शिवलेली ही बाई इतकी दुखावली आहे की आता तिने आपला त्रास सांगणेच बंद केले आहे. भावाचे म्हणणे असे, की छातीत कधी दुखले नाही, ईसीजीही चांगला आहे, तेव्हा हृदयाचा काही संबंध नाही. आईचे म्हणणे, वय झाले की पाय सुजायचेच. वाचक भगिनी विचारतात, “मी उगाच बाऊ करते आहे का? आईला बळेच पुण्याला आणून मोठ्या तपासण्या कराव्यात, की तिच्या मनाविरुद्ध काही करू नये?”

उत्तर :

ताई,

तुम्ही उगाच बाऊ करत नाही. पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये; ते काम आईला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचे आहे. तरीही दोन्ही पायांवर टिकून राहिलेली सूज, लवकर भरणारे पोट, बरगडीखालचा जडपणा, मोठे झालेले यकृत, पोटातले पाणी आणि थोड्याशा चढाला येणारा थकवा या गोष्टी एकाच व्यक्तीत आठ महिन्यांत एकामागून एक आल्या असतील, तर हृदयाची उजवी बाजू कमकुवत झाली आहे का, हे पाहणे भाग आहे, आणि ते पुढच्या सुट्टीवर न ढकलता येत्या आठ-दहा दिवसांत पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आजवर आईची एकेक तक्रार वेगवेगळ्या खात्यात जमा होत गेली. सूज वयाच्या नावावर गेली, भूक पित्ताच्या, जडपणा यकृताच्या आणि थकवा जन्मभराच्या कष्टांच्या नावावर गेला. या साऱ्या तक्रारी एका कागदावर, तारखांच्या क्रमाने मांडून कोणी पाहिल्या नाहीत, आणि या आजाराची ओळख नेमकी त्या मांडणीतूनच पटते.

हृदयाच्या दोन बाजूंची कामे वेगळी आहेत. सगळ्या शरीरातून परत आलेले रक्त उजवी बाजू फुप्फुसांकडे पाठवते आणि फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन आलेले रक्त डावी बाजू शरीरभर पोहोचवते. फुप्फुसांचा रस्ता जवळचा आणि कमी अडथळ्याचा असल्याने निरोगी माणसात उजव्या कप्प्याचे काम पाऱ्याच्या साधारण २५ मिलिमीटर दाबात भागते, तर डाव्या कप्प्याला १२०च्या आसपास दाब निर्माण करावा लागतो. त्यामुळेच उजव्या कप्प्याची भिंत जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर जाडीची असते आणि फुप्फुसांतला दाब वर्षानुवर्षे चढा राहिला की ती थकत जाते. या अवस्थेत हृदय थांबलेले नसते. ते चालू असते, पण आलेले सगळे रक्त पुढे ढकलणे त्याला जमत नाही. शेताच्या पाटाला पुढे अडथळा आला की पाणी जसे मागे तुंबते आणि कडेच्या मातीत पाझरू लागते, तसे रक्त मागच्या शिरांत तुंबते आणि त्यातले पाणी आजूबाजूला पाझरते. मानेच्या शिरा फुगतात, यकृत ताणले जाते, आतड्यांना सूज येते, पोटाच्या पोकळीत पाणी जमते आणि गुरुत्वाकर्षणामुळे घोटे व नडग्या भरतात. छातीत दुखलेच पाहिजे असे या साखळीत काही नसते, कारण येथे प्रश्न हृदयाच्या रक्तवाहिनीत गाठ अडकल्याचा नसून तुंबाऱ्याचा असतो. भावाचा पहिला मुद्दा येथेच सैल होतो.

पोटाच्या तक्रारींवर मी थोडे अधिक लिहितो, कारण सर्वांत जास्त दिशाभूल तेथेच होते. यकृतात रक्त तुंबले की त्याचे आवरण ताणले जाते आणि उजव्या बरगडीखाली जड वाटते किंवा दुखते. आतड्यांच्या भिंती सुजल्या की भूक मरते, मळमळ होते, दोन घासांत पोट गच्च वाटते आणि माणूस ‘पित्त झाले’ म्हणून सोडा किंवा पाण्यात फसफसणारी पुडी घेतो. त्या दोन्हींत सोडियम भरपूर असते, ते शरीरात पाणी धरून ठेवते आणि त्रास वाढतो. खाणे कमी झाल्याने चेहरा, खांदे आणि दंड वाळतात, पण पोट व पाय पाण्याने भरत राहतात. अशा वेळी वजनकाटा जवळजवळ तोच आकडा दाखवतो आणि ‘वजन तर स्थिर आहे’ असे घरच्यांना वाटते, प्रत्यक्षात मात्र मांस झडून त्याच्या जागी पाणी आलेले असते. साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्ये हा बदल काट्याच्या आधी परकराच्या नाडीवर दिसतो. नाडीची गाठ पूर्वीपेक्षा सैल बांधूनही ती रुतते, संध्याकाळी कमरेवर तिचा खोल वळ उमटतो, पायातली जोडवी फिरेनाशी होतात, चपलेचा पट्टा मागच्या भोकात जातो. आईला ‘तुला सूज कधीपासून आहे’ असे विचारण्यापेक्षा ‘जोडवी घट्ट कधीपासून झाली’ असे विचारा; तिला महिना आठवेल.

रात्रीच्या लघवीचेही उत्तर यातच असू शकते. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि मूत्रपिंडे ते रात्री बाहेर टाकतात. आई रात्री किती उशा घेते याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. ते अवश्य विचारा. हृदयाची डावी बाजू कमकुवत झाली की पाणी फुप्फुसांत साठते, सपाट झोपले की दम कोंडतो आणि मध्यरात्री उठून बसावे लागते. केवळ उजवी बाजू थकलेला रुग्ण पुष्कळदा सपाट झोपू शकतो आणि त्यामुळे छाती साफ आहे असा घरच्यांचा समज होतो. उजवी बाजू निकामी होत जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण मात्र आधीच थकलेली डावी बाजू हेच असते, म्हणून दोन्ही बाजूंची लक्षणे एकाच माणसात मिसळलेली आढळणे अगदी स्वाभाविक आहे.

आता ईसीजीविषयी. ईसीजी हृदयातल्या विद्युत्प्रवाहाची काही क्षणांची नोंद करतो. तो नॉर्मल आला की हृदयविकाराची शक्यता काहीशी कमी होते हे खरे आहे, पण ती संपत नाही. हृदयाचे कप्पे किती फुगले आहेत, झडपा गळतात का, फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत दाब किती आहे, हे त्या कागदावर दिसत नाही. त्यासाठी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावी लागते. आणि एको झाल्यावरही एक चूक मी अनेक कुटुंबांकडून होताना पाहिली आहे, ती आधीच सांगून ठेवतो. अहवालात ‘ईएफ ६० टक्के’ असे लिहिलेले असले की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि फाइल कपाटात जाते. दर ठोक्याला कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलले जाते, ते ईएफ सांगतो, आणि हा आकडा डाव्या कप्प्याचा असतो. तो उत्तम असूनही उजवा कप्पा फुगलेला आणि थकलेला असू शकतो. म्हणून अहवालात उजव्या कप्प्याचा आकार, त्याची आकुंचनाची ताकद (ती बहुधा ‘टॅप्सी’ या मापाने लिहिलेली असते), ट्रायकस्पिड झडपेची (उजव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधल्या झडपेची) गळती आणि फुप्फुसाच्या धमनीतला अंदाजे दाब या चार गोष्टी नोंदवल्या आहेत का, ते पाहा, आणि नसतील तर ‘उजव्या बाजूचे काय’ असा सरळ प्रश्न डॉक्टरांना विचारा. भावाला पटवायचे असेल तर त्याच्या ईसीजीवरच्या विश्वासाशी वाद घालत बसू नका. ईसीजीने एका प्रश्नाचे उत्तर दिले आहे आणि दुसरा प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नाही, एवढेच त्याला सांगा.

सोनोग्राफीचा जुना अहवालही पुन्हा काढा. यकृत मोठे असल्याच्या ओळीखाली ‘आयव्हीसी’ (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) आणि ‘हिपॅटिक व्हेन्स’ (यकृतातल्या शिरा) फुगलेल्या म्हणजे ‘डायलेटेड’ असल्याचे लिहिले आहे का ते शोधा. तसे असेल, तर यकृतातून हृदयाकडे जाणारा रस्ताच तुंबला असल्याची ती मोठी खूण आहे आणि ती डॉक्टरांपुढे सर्वांत आधी ठेवावी. यकृत मोठे झाले की त्याचा संबंध दारूशी जोडण्याची आपल्याकडे सवय आहे, पण ते असंख्य कारणांनी मोठे होते आणि हृदयामागे रक्त तुंबणे हे त्यांतले एक प्रमुख कारण आहे. आईला ही गोष्ट तुम्ही स्वतः, तिच्याजवळ बसून सांगा, आणि शक्य असेल तर डॉक्टरांकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. तिने बोलणे थांबवले ते दुखणे कमी झाले म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून, आणि ती लाज दूर झाल्याशिवाय ती मोकळेपणाने काही सांगणार नाही.

लघवीच्या गोळीने सूज उतरली याचा अर्थ घरात ‘आजार साधा होता’ असा घेतला गेला असावा. त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. शरीरात पाणी जास्त झाले होते, गोळीने ते काढले आणि जे कारण ते साठवत होते ते तसेच राहिल्यामुळे पाणी परत आले. फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही औषधे या आजारात अत्यंत उपयोगी आहेत आणि निदान तसे झाले तर आईला ती रोज घ्यावीही लागतील, पण आपल्या मनाने चालू-बंद करण्याची ती गोळी नाही. तिच्यामुळे रक्तातले पोटॅशियम आणि सोडियम घसरू शकते, मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, म्हणून रक्ततपासणी करून मात्रा ठरवावी लागते. शिवाय आतडी फार सुजली असली की तोंडाने घेतलेली गोळी नीट शोषलीच जात नाही. ‘आधी लागू पडायची, आता पडत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांना कधी कधी दाखल करून शिरेतून औषध द्यावे लागते, ते याच कारणाने.

एवढे लिहूनही मी दुसऱ्या शक्यता बंद करत नाही, आणि तुम्हीही करू नका. मूत्रपिंडाच्या विकारात सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते आणि लघवीला फेस येतो. यकृताच्या मूळ आजारात बहुधा पोट आधी फुगते, पाय मागून सुजतात आणि मानेच्या शिरा फुगलेल्या नसतात. थायरॉइड मंदावणे, रक्त फार कमी असणे, अंगातले प्रथिन घटणे यांनीही सूज येते. अ‍ॅम्लोडिपिनने तर कित्येकांचे घोटे सुजतात, आणि आईच्या सुजेत त्याचा वाटा असूही शकेल. पण त्या गोळीची सूज लघवीच्या औषधाने फारशी हटत नाही, आणि ती गोळी यकृत मोठे करत नाही की पोटात पाणी आणत नाही. म्हणून डॉक्टरांना तिच्याविषयी जरूर विचारा, मात्र न विचारता ती बंद करू नका. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखत असेल तर मात्र तो निराळा आणि तातडीचा मामला असतो. शिरेत रक्ताची गुठळी झाली असू शकते आणि ती फुप्फुसात गेली तर उजव्या हृदयावर अचानक भार येतो.

आईच्या बाबतीत कारण काय असेल, याचा विचार करताना तुमच्या पत्रातले चुलीविषयीचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले. भारतातल्या पहिल्या पिढीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी फुप्फुसाच्या जुन्या आजारामुळे उजवे हृदय निकामी होण्याच्या विकारावर दिल्लीतल्या रुग्णांचा अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध केला. या विषयावरच्या त्यांच्या कामातून हे पुढे आले, की विडी-सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियांमध्येही हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो आणि त्यामागे स्वयंपाकाचा धूर असावा. पुढे २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या फुप्फुसविकारावर, जो लेख लिहिला, त्यातही लाकूड, शेणी आणि काटक्या यांच्या धुराला मोठे स्थान होते. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि गॅस घरोघरी पोहोचला, पण चाळीस वर्षे छातीत गेलेला धूर शेगडी आल्याने निघून जात नाही, आणि तुमच्या घरासारख्या असंख्य घरांत सिलिंडर पुरवून वापरण्यासाठी चूल पेटतीच राहते. आईने कधी विडी ओढली नाही म्हणून तिची फुप्फुसे चांगलीच असतील, हे गृहीत धरू नका. हिवाळ्यातला जुना खोकला, सकाळी पडणारा बेडका, बोलताना वाजणारी छाती यांविषयी विचारा.

याखेरीज तिला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, बाळंतपणात दम लागला होता का, कधी क्षयाचे औषध घेतले होते का, ती खूप घोरते का, हेही विचारून ठेवा. लहानपणच्या संधिज्वराने हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप आकुंचित होऊन वीस-तीस वर्षांनी उजव्या बाजूवर भार येतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधले जन्मजात छिद्र कधी कधी पन्नाशीनंतर उघडकीला येते. क्षयाने फुप्फुस खराब होते आणि क्वचित हृदयाभोवतीचे आवरणही आवळले जाते. यांतल्या काही कारणांवर फुग्याने झडप उघडण्यासारखे किंवा शस्त्रक्रियेचे उपाय आहेत आणि त्यांनी चित्र खूप बदलू शकते. कारण शोधण्याचा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

तपासणीच्या दिवसापर्यंत घरी तीन गोष्टी करता येतील आणि त्या वहिनींना फोनवरूनही समजावून सांगता येतील. पहिली म्हणजे सूज पाहण्याची नीट पद्धत. घोट्याच्या चार बोटे वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवून दहा-पंधरा सेकंद सावकाश दाबावे आणि उचलावा. खळगा पडून तो काही वेळ तसाच राहिला तर ती पाण्याची सूज आहे. ती घोट्यापर्यंत आहे, नडगीच्या मध्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, ते तारखेसह लिहावे. जी व्यक्ती अंथरुणालाच खिळलेली असते तिचे पाणी पायांऐवजी कंबरेच्या खालच्या भागात साठते, म्हणून अशा वेळी तेथे दाबून पाहावे. दुसरी गोष्ट मानेची. आईला पाठीला उशी देऊन अर्धवट रेलून बसवावे, मान किंचित डावीकडे वळवावी आणि खिडकीचा किंवा बॅटरीचा तिरपा उजेड मानेच्या उजव्या बाजूवर घ्यावा. या स्थितीत फुगलेली, हलकेच हलणारी शीर बरीच वरपर्यंत दिसत असेल, विशेषतः ताठ बसल्यावरही जबड्याजवळ दिसत असेल, तर मोबाइलवर लहानसा व्हिडिओ घ्यावा आणि डॉक्टरांना दाखवावा. मात्र ती दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. ती पाहण्यासाठी सरावलेली नजर लागते. तिसरी गोष्ट वजनाची. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच प्रकारच्या कपड्यांत वजन करून वहीत लिहावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, त्यामुळे तीन दिवसांत दोन किलो वाढ झाली तर ती जेवणाची नव्हे, पाण्याची असते, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

गुडघ्यांच्या गोळ्यांचा प्रश्न मात्र आजच सोडवायला हवा. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधे शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, लघवीच्या गोळीचा परिणाम कमी करतात आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतात. मेडिकलवाल्याने पुडीत बांधून दिलेल्या गोळ्यांत काय आहे ते कळत नसेल तर त्या थांबवाव्यात आणि दुखण्यावर काय घ्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. यकृत सुजलेले असल्यामुळे पॅरासिटामॉलचीही मात्रा त्यांनीच ठरवलेली बरी. मिठाविषयी बोलायचे तर जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ सांगते. आपल्या जेवणात ते केवळ आमटी-भाजीत नसते. लोणचे, पापड, खारातली मिरची, ठेचा, सुकी मासळी, फरसाण या सगळ्यांत ते दडलेले असते. बाजारात मिळणारे ‘लो सोडियम’ मीठ विचारल्याशिवाय आणू नका; त्यात पोटॅशियम असते आणि काही औषधांबरोबर किंवा मूत्रपिंड अशक्त असताना ते धोक्याचे ठरते. पिण्याचे पाणी किती घ्यावे, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत स्वतःहून तोडू नका. सुजलेल्या पायांना गरम तेलाने रगडणे, घट्ट पट्टी बांधणे हेही नको. कातडी ताणलेली असल्याने लहानशी भेगसुद्धा चिघळू शकते.

आता तुमच्या मूळ पेचाकडे येतो. बळेच पुण्याला आणायचे की मनाविरुद्ध काही करायचे नाही, असे दोनच पर्याय तुम्ही समोर ठेवले आहेत, आणि मला वाटते की यामुळेच घरात ताण वाढला आहे. पहिल्या तपासणीसाठी पुण्याला येण्याची गरज नाही. टू-डी एको, छातीचा एक्स-रे, फुंकून करायची स्पायरोमेट्री आणि रक्ताच्या तपासण्या साताऱ्यात होतात. सरकारी रुग्णालयात कोणती तपासणी कोणत्या दिवशी होते आणि खर्च किती, हे आधी फोन करून विचारा. आई सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येईल, हे ऐकल्यावर तिचा विरोध बराच कमी होईल असे मला वाटते, कारण तिच्या वयाच्या पुष्कळ स्त्रियांना तपासणीची भीती नसते. लेकीच्या घरी अडकून पडू, खर्चात पाडू, मागे घराचे कोण पाहील, ही चिंता असते. ‘तुला हृदयविकार आहे’ असे सांगून तिला घाबरवू नका आणि ‘काही नाही, उगाच जाऊन येऊ’ असे खोटेही सांगू नका. ‘पायाची सूज परत का येते, ते शोधायचे आहे’ एवढे खरे आणि पुरेसे आहे. सगळे सांगून-समजावूनही ती नाहीच म्हणाली, तर निर्णय तिचाच आहे, हे मान्य करावे लागेल. पण अपुऱ्या माहितीवर दिलेला नकार अंतिम समजू नका, आणि गावातल्या डॉक्टरांनाच एकोची चिठ्ठी लिहून द्यायला सांगा. तिचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि त्यांच्या तोंडचे तिला अधिक पटेल. त्यांना वगळून थेट मोठ्या तज्ज्ञाकडे जाण्याने पुढच्या महिन्यांत तुमचीच अडचण होईल, कारण रोजची देखभाल तेच करणार आहेत.

भेटीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, बंद केलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. ईसीजी, सोनोग्राफी आणि वजनाची वही सोबत ठेवा. डॉक्टरांनी मानेची शीर पाहिली, बरगडीखाली दाबून पाहिले आणि बोटाला ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा लावला, तर तपासणी योग्य दिशेने चालली आहे असे समजा. गरज वाटल्यास ते हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्तचाचणीही सांगतील. लघवीतले प्रथिन, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन या साध्या चाचण्यांनी दुसऱ्या शक्यता निकालात निघतात. फुप्फुसांचा आजार निघाला आणि विश्रांतीतही ऑक्सिजन ८८ टक्के किंवा त्याखाली राहत असेल, तर घरी दिवसाचे किमान १५ तास ऑक्सिजन देण्याचा सल्ला मिळू शकतो. तो शेवटचा उपाय समजून घाबरू नका, फुप्फुसांतला दाब वाढू न देण्यासाठी तो दिला जातो.

काही लक्षणांत मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नसते. बसल्या जागी धाप लागणे, ओठ किंवा नखे निळसर होणे, चक्कर येऊन पडणे, छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, एका पायाच्या सुजेबरोबर अचानक दम लागणे, लघवी अगदी कमी होणे, किंवा आई गुंगीत राहून असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असो की दिवस, १०८ला फोन करावा. हा क्रमांक भाऊ आणि वहिनी दोघांच्याही मोबाइलमध्ये आजच साठवून ठेवा.

शेवटी एक विनंती. आईला साताऱ्याला नेताना वहिनींनाही बरोबर घ्या. औषधांच्या वेळा, मीठ आणि वजनाची वही हे सगळे त्यांच्याच हातून होणार आहे, तेव्हा डॉक्टरांचे बोलणे त्यांनी स्वतः ऐकायला हवे. आणि त्या चुलीपुढे आता त्या बसतात. त्यांना खोकला किंवा दम लागत असेल तर त्याच फेरीत त्यांचीही स्पायरोमेट्री करून घ्या, आणि निदान भाकरी तरी गॅसवर व्हावी यासाठी जास्तीच्या सिलिंडरचा खर्च तुम्ही भावंडांनी वाटून घ्या.